गावातले सशुल्क वाहनतळ : दुकानदारांचे गिऱ्हाईक, रहिवाशांची आळी आणि ठेकेदाराची बोली

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या आपल्या गावात शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत पर्यटकांच्या गाड्यांनी बाजाररस्ता भरून जातो. ग्रामपंचायतीने बाजारात आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर वाहनतळ शुल्क लावण्याचे ठरवले असून एक ठेकेदार वर्षाची ठोक रक्कम आगाऊ द्यायला तयार आहे. गिऱ्हाईक तुटेल असे दुकानदारांचे म्हणणे आहे, गाड्या आपल्या दारात येतील अशी आतल्या आळ्यांतील रहिवाशांना भीती आहे, आणि सदस्य या नात्याने ग्रामसभेपुढे नेमके काय मांडावे, असे आपण विचारले आहे. मी वाहतूक नियोजनात बराच काळ काम केले असून त्यातला मोठा भाग लहान गावे, तीर्थक्षेत्रे आणि पर्यटनस्थळे येथील वाहनतळांचा होता. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. दुकानदार आणि रहिवासी या दोघांचीही भीती खरी आहे; मात्र गाडी उभी करण्याचे पैसे घेतल्याने ती खरी ठरत नाही, ते पैसे कोणत्या हिशेबाने आणि कोणाच्या हातून घेतले जातात यावर ती खरी ठरते. दिवसभराचा एकच दर आणि ठोक रकमेचा ठेका या दोन गोष्टी एकत्र आल्या की बाजार आणि वस्ती या दोहोंचे नुकसान होते. त्या टाळता येत असतील तर शुल्क जरूर लावावे, टाळता येत नसतील तर लावू नये, इतके स्पष्टपणे मी हे सांगू इच्छितो.

प्रथम दुकानदारांचा प्रश्न घेऊ. आपल्यासारख्या गावात बाजार एकच दिसत असला तरी त्यात दोन निरनिराळे व्यवसाय शेजारी-शेजारी चालतात. कोकम-आगळ, आंबापोळी, काजू, सोलकढी, जेवणाची खाणावळ, किनाऱ्यावरच्या टपऱ्या हा व्यवसाय पर्यटकांवर चालतो आणि तो साधारण दिवाळीपासून मे अखेरपर्यंतचा असतो. किराणा, औषधांचे दुकान, खते-बियाणे, पिठाची गिरणी, हार्डवेअर, केशकर्तनालय हा व्यवसाय गावच्या आणि आसपासच्या वाड्यांच्या लोकांवर बारा महिने चालतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत बाजारात जी काही हालचाल असते ती याच दुकानांची असते. या दोन गिऱ्हाइकांच्या थांबण्याच्या वेळा पूर्णपणे वेगळ्या आहेत. पर्यटक सकाळी गाडी लावतो आणि संध्याकाळी काढतो. शेजारच्या वाडीतला माणूस दुचाकीवरून येतो, औषधाच्या गोळ्या आणि साखरेचा पुडा घेतो आणि दहा मिनिटांत परत फिरतो.

आता ग्रामपंचायतीने मोटारीला सरसकट ५० आणि दुचाकीला २० रुपये असा दिवसाचा दर ठेवला तर काय होते ते पाहा. दोन-तीन हजार रुपये खर्च करून मुंबई-पुण्याहून आलेल्या कुटुंबाला ५० रुपये जड वाटत नाहीत, आणि एकदा पावती फाडली की गाडी हलवण्याचे कारणही उरत नाही; उलट पैसे वसूल व्हावेत म्हणून ती दिवसभर दुकानासमोरच राहते. दहा मिनिटांसाठी येणाऱ्या गावकऱ्याला मात्र शंभर रुपयांच्या किराण्यावर वीस रुपये वेगळे मोजावे लागतात. तो एकदा वाद घालतो, दोनदा घालतो, आणि तिसऱ्यांदा तालुक्याच्या गावी जातो तेव्हा महिन्याचा सगळा माल तिथूनच भरून आणतो. अशा रीतीने ज्या गिऱ्हाइकामुळे गर्दी होते ते जागेवर राहते, आणि ज्याच्यामुळे दुकान पावसाळ्यात चालते ते निघून जाते. गिऱ्हाईक तुटल्याची तक्रार मी जिथे जिथे ऐकली तिथे मुळाशी बहुधा हाच सरसकट दर निघाला, आणि तक्रार करणारे दुकान बहुधा किराण्याचे किंवा औषधांचे होते, खाणावळीचे क्वचितच.

याउलट वेळेनुसार दर ठेवला तर हिशेब कसा बदलतो? बाजारात मोटारींसाठी दहा जागा आहेत आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे आठ तास धरायचे आहेत, असे समजू. प्रत्येक जागा एकाच गाडीने दिवसभर अडवली तर दुकानांसमोर दिवसभरात दहाच गाड्या थांबल्या. प्रत्येक गाडी पाऊण तास थांबली आणि मध्ये पाव तास जागा रिकामी राहिली, तर त्याच दहा जागांवर ८० गाड्या येऊन गेल्या. दुकानदाराला हवी असते ती ही दुसरी स्थिती. त्यासाठी पहिला अर्धा तास मोफत, त्यानंतर दर तासाला चढता दर, आणि ज्याला दिवसभर थांबायचे आहे त्याच्यासाठी बाजाराबाहेर लांबच्या वाहनतळावर स्वस्त एकरकमी दर, अशी रचना करावी लागते. दर किती असावा यावर ग्रामसभेत तासन्‌तास चर्चा होते. माझ्या मते त्याची कसोटी एकच आहे. गर्दीच्या वेळीही बाजारातल्या दहांपैकी एक-दोन जागा रिकाम्या सापडत असतील तर दर बरोबर आहे. एकही सापडत नसेल तर तो कमी आहे, आणि निम्म्या रिकाम्या असतील तर तो जास्त आहे. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हा विचार अनेक वर्षे मांडला आणि तो जगभर ८५ टक्के वापराचा नियम म्हणून ओळखला जातो. दहा जागांच्या बाजाराला तो तितकाच लागू पडतो.

त्याच राज्यातील पॅसाडीना या शहराच्या जुन्या बाजारपेठेचा अनुभव आपल्या दुकानदारांना अवश्य सांगावा. तिथे १९९३ मध्ये रस्त्यावरच्या जागांना वेळेनुसार पैसे घेणारे मीटर लावायचे ठरले तेव्हा दुकानदारांनी अगदी आपल्याकडच्याच शब्दांत विरोध केला होता. नंतर लक्षात आले की दुकानांसमोरच्या मोफत जागा गिऱ्हाइकांच्या नव्हे, तर दुकानमालकांच्या आणि त्यांच्या नोकरांच्याच गाड्यांनी भरलेल्या असत. मीटरचे उत्पन्न त्याच बाजारपेठेच्या फुटपाथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च करण्याचे नगरपालिकेने मान्य केले, तेव्हा विरोध मावळला. पॅसाडीना हे मोठे शहर आहे आणि आपले गाव लहान आहे, हे मला मान्य आहे. पण दुकानासमोरची जागा कोण अडवतो या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या बाजारातही फारसे वेगळे येत नाही.

हे उत्तर तर्काने नव्हे, नोंदीने मिळवावे. बाजाररस्त्यावर दोन मुलांना वही देऊन उभे करा आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाने प्रत्येक उभ्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि जागा लिहून घ्या. एक शनिवार, एक रविवार, एक आठवडा बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस इतके पुरे. कोणत्याही यंत्राची गरज नाही. कागद समोर ठेवला की कोणती गाडी किती वेळ थांबली हे आपोआप दिसते, आणि सकाळी साडेआठला येऊन संध्याकाळपर्यंत न हललेले आकडे कोणाच्या गाड्यांचे आहेत हे सभेत कोणाला सांगावे लागत नाही. दुकानदारांशी बोलणी सुरू करण्यापूर्वी ही नोंद हाती असावी. आपली स्वतःची गाडी लांबच्या वाहनतळावर लावण्याची तयारी दुकानदारांनी दाखवली नाही, तर बाजारातल्या शुल्काचा अर्धा उपयोग तिथेच संपतो, आणि ही अट मान्य करून घेणे हा सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे.

रहिवाशांची भीती समजून घेण्यासाठी मोजपट्टी घेऊन आळीत उभे राहावे. कोकणातले आतले रस्ते दोन्ही बाजूंनी चिऱ्यांच्या गडग्यांनी, म्हणजे दगडी कुंपणांनी, बांधलेले असतात आणि एकेरी डांबरी रस्त्याची रुंदी बहुतेक ठिकाणी ३.७५ मीटरच्या पुढे जात नाही, अनेकदा तीन मीटरच असते. साधी मोटार १.७ ते १.८ मीटर रुंद असते. ती गडग्याला अगदी चिकटवून लावली तरी जेमतेम दोन मीटर किंवा त्याहून कमी जागा उरते, आणि एसटीच्या बसला किमान अडीच मीटर लागतात. म्हणजे एकाच गाडीमुळे त्या रस्त्याने एसटी जात नाही, रुग्णवाहिका जात नाही, आणि पहाटे बंदरावरून बर्फ-मासळी नेणारा टेम्पोही अडकतो. बाजारात शुल्क लागले की पैसे वाचवण्यासाठी गाड्या नेमक्या याच आळ्यांत शिरतात. कोणाच्या बेड्यासमोर (फाटकासमोर), कोणाच्या खळ्यात, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या आवारात त्या उभ्या राहतात आणि गाडी काढायला सांगितले की भांडण होते. शुल्क लावलेला प्रत्येक रस्ता आपल्या गाड्या शेजारच्या मोफत रस्त्यावर ढकलतो, हा या विषयातला सर्वांत भरवशाचा नियम आहे.

म्हणून बाजाररस्त्यापुरता ठराव करू नका. पर्यटक पैसे वाचवण्यासाठी साधारण पाच मिनिटांपर्यंत चालायला तयार असतो, मुले आणि सामान बरोबर असेल तर त्याहूनही कमी. बाजारापासून आणि किनाऱ्यापासून पाच मिनिटांच्या चालीत येणाऱ्या सगळ्या आळ्या, पाखाड्यांची (पायऱ्यांच्या वाटांची) तोंडे आणि मोकळ्या जागा नकाशावर रंगवा आणि त्या सगळ्यांची व्यवस्था एकाच दिवशी सुरू करा. आळ्यांत शुल्क नको, तिथे रहिवाशांखेरीज कोणालाही गाडी लावण्यास मनाई हवी. यातला कायद्याचा भाग पुढे येतो.

रहिवासी कोण, हे ठरवताना आपल्याकडे एक प्रश्न येतो जो इतरत्र येत नाही, आणि त्यावर घाईने निर्णय घेतल्यामुळे चांगल्या योजना शिमग्यात किंवा गणपतीत मोडलेल्या आहेत. मुंबईत राहणारा चाकरमानी गौरी-गणपतीला स्वतःची गाडी घेऊन गावी येतो. त्याची गाडी ठाण्याच्या किंवा मुंबईच्या क्रमांकाची असते, पण घर याच आळीत आहे, घरपट्टी तो भरतो, आणि त्याच्याच वडिलांच्या दारात त्याच्याकडून पावतीचे पैसे मागितले तर त्याचा अपमान होतो. गाडीच्या क्रमांकावरून रहिवासी ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. घरपट्टीच्या नोंदीनुसार घरटी दोन पास द्यावेत, ते गाडीच्या नव्हे तर घराच्या नावाने असावेत आणि घरच्या कोणत्याही गाडीच्या काचेवर ठेवता यावेत. भाड्याने राहणारे शिक्षक, आरोग्य केंद्रातील कर्मचारी, बँकेतले लोक यांनाही पास मिळाला पाहिजे. त्यांच्या नावाने घरपट्टी नसते म्हणून ते वगळले जातात आणि हा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही. घरगुती निवास चालवणाऱ्यांनी मात्र पाहुण्यांच्या गाड्या आपल्या आवारातच लावाव्यात, अशी अट ग्रामपंचायतीने घालावी. ज्याच्या आवारात जागा नाही त्याने लांबच्या वाहनतळावर आपल्या खर्चाने जागा राखून ठेवावी. खोल्यांचे उत्पन्न एका घराचे आणि गाड्यांचा त्रास साऱ्या आळीचा, अशी स्थिती राहिली तर रहिवाशांचा या योजनेवरचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो.

लांबचे वाहनतळ कुठे करावे, हा प्रश्न गावाला वाटतो तितका मोठ्या खर्चाचा नाही. एका मोटारीची उभी राहण्याची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, पण ये-जा करण्याचा मार्ग धरला तर उघड्या वाहनतळावर एका मोटारीला सुमारे २३ चौरस मीटर लागतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला चार गाड्या. पंधरा गुंठ्यांत साठेक मोटारी व्यवस्थित राहतात. इतकी जागा विकत घेऊन तिच्यावर काँक्रीट ओतण्याची घाई करू नये. हंगामातल्या शनिवार-रविवारपुरती एखाद्या वाडीमालकाची किंवा देवस्थानची पड जागा भाड्याने घ्यावी, मुरूम पसरून दाबून घ्यावा, चुन्याच्या रेषा माराव्यात, आणि पावसाळ्यात ती जागा मालकाला परत द्यावी. आज जे वाडीमालक आपल्या माडांखाली पन्नास रुपये घेऊन गाड्या लावून घेतात, त्यांनाही ग्रामपंचायतीच्या दरपत्रकात सामावून घ्यावे. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात गावाचा काहीच फायदा नाही.

किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनात वाहनतळ करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ती जागा बहुधा वन विभागाची किंवा शासनाची असते, किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंध तिला लागू असतात, आणि गाड्यांच्या चाकांनी वाळू दबून सुरूची मुळे उघडी पडली की लाटांपुढे ती जमीन टिकत नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर, गाडी नेणे तर बंदच असले पाहिजे. कोणतीही जागा ठरवण्याआधी तिचा सातबारा पाहावा आणि रस्त्याच्या बाबतीत तो कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी खात्री करून घ्यावी.

कायद्याच्या बाजूने बोलायचे तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला बसवता येणाऱ्या कर आणि फी यांची यादी आहे आणि त्यात बाजारावरील फीप्रमाणे गाडीतळावरील फीचाही समावेश आहे. त्यासाठी नियमांप्रमाणे ठराव करणे, तो प्रसिद्ध करून हरकती मागवणे आणि त्या निकाली काढणे हे टप्पे पार पाडावे लागतात. ते टप्पे कंटाळवाणे वाटले तरी गाळू नयेत, कारण पुढे एखादा पर्यटक किंवा दुकानदार न्यायालयात गेला तर योजना टिकते ती याच कागदांवर. ग्रामपंचायतीने स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या जागेवर फी घेणे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर फी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजाररस्ता जर त्यांच्या ताब्यात असेल तर त्यांच्या संमतीशिवाय तिथे पावती फाडता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेले प्राधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतात. आळ्यांत गाडी लावण्यास मनाई करायची असेल तर त्यासाठी अधिसूचना जिल्हा प्रशासन आणि पोलीस यांच्याकडूनच निघायला हवी. पावती घेणे हे पंचायतीचे काम आहे. दंड करणे, गाडी उचलणे, चाकाला जॅमर लावणे हे पोलिसांचे आहे. हा फरक वसुलीवरच्या माणसाला शिकवलेला नसेल तर तो एक दिवस कोणाच्या तरी गाडीची किल्ली काढून घेतो आणि त्याचे चित्रीकरण संध्याकाळपर्यंत राज्यभर फिरते.

आता ठेक्याचा प्रश्न, कारण आपल्या निर्णयाचे मूळ तिथेच आहे. आकडे मांडून पाहू. लांबच्या वाहनतळावर ६० जागा आहेत आणि गर्दीच्या दिवशी सुमारे ९० गाड्या प्रत्येकी ५० रुपये देऊन लागतात असे धरले तर दिवसाचे ४,५०० रुपये होतात. ऑक्टोबर ते मे या काळात सुमारे ३५ शनिवार-रविवार येतात, म्हणजे ७० दिवस. एकूण ३,१५,००० रुपये. वसुलीसाठी आणि गाड्या लावून घेण्यासाठी चार माणसे दिवसाला ६०० रुपयांनी ठेवली तर १,६८,००० रुपये मजुरीत जातात. जागेचे भाडे, मुरूम, पावत्या, फलक, पाणी आणि शौचालयाची सफाई वजा केली की हाती लाखभरही राहणार नाहीत. नाताळ, नवीन वर्ष आणि मे महिन्यातील मधले दिवस धरून ही रक्कम थोडी वाढेल, बाजारातल्या तासाच्या दराचे थोडे येतील, पण आकड्याचा आवाका बदलणार नाही.

अशा जागेसाठी एखादा ठेकेदार वर्षाला पाच लाख रुपये आगाऊ द्यायला तयार असेल तर ते पैसे तो कुठून काढणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारलाच पाहिजे. प्रामाणिक वसुलीतून ते निघत नाहीत. म्हणून तो साध्या दिवशीही वसुली करतो, दुचाकीवरच्या गावकऱ्यालाही सोडत नाही, वेळ न घातलेल्या पावत्या फाडतो, गावाच्या वेशीवर दोरी बांधून नुसत्या पुढच्या गावी जाणाऱ्या गाडीकडूनही पैसे मागतो आणि आळ्यांत शिरलेल्या गाड्यांचेही पैसे घेऊन त्यांना तिथेच उभ्या राहू देतो. मोफत अर्धा तास त्याला परवडत नाही, कारण गाड्या लवकर हलल्या काय आणि नाही काय, त्याला पावत्यांच्या संख्येशी काम असते. करारात काहीही लिहिले तरी ठोक रक्कम भरलेल्या माणसाचे हित आणि बाजाराचे हित एका दिशेला जात नाही. त्याच्या माणसांच्या अरेरावीचा राग पर्यटक गावावर काढतात आणि पुढच्या वेळी शेजारच्या किनाऱ्यावर जातात. ठेकेदार वर्षाने निघून जातो. दुकानदार तिथेच राहतात.

यासाठी वसुली ग्रामपंचायतीने स्वतः करावी किंवा गावातल्या महिला बचत गटाला मेहनतान्यावर द्यावी, ठोक रकमेवर देऊ नये. पैसे शक्यतो क्यूआर कोडवरून थेट ग्रामनिधीच्या खात्यात जावेत. रोख घेतले तर अनुक्रमांकाच्या दुहेरी पावतीवर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि गाडी आल्याची वेळ लिहिलेली असावी, आणि दर लिहिलेला मोठा फलक वाहनतळाच्या तोंडाशीच असावा. बाजारातल्या अर्ध्या तासासाठी यंत्राची गरज नाही. वसुलीवरची व्यक्ती गाडी थांबताच वेळेची चिठ्ठी काचेला लावते, फेरी मारून अर्ध्या तासाने परत येते, गाडी असेल तर पावती करते आणि नसेल तर पुढे जाते. वीस-पंचवीस जागा एक व्यक्ती आरामात सांभाळते.

गावकऱ्यांच्या हाती अशी व्यवस्था राहू शकते याचे आपल्याच राज्यातले चांगले उदाहरण म्हणजे साताऱ्याजवळचे कास पठार. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले आणि फुलांच्या हंगामातली गर्दी आवाक्याबाहेर गेली. तिथे भोवतालच्या गावांच्या समित्यांनी वन विभागाबरोबर प्रवेशशुल्क, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि गाड्या दूर उभ्या करून पुढे बसने नेण्याची पद्धत बसवली. तिथेही तक्रारी होतात, पण पैसा आणि हंगामी रोजगार गावांतच राहतो, आणि म्हणूनच व्यवस्था टिकवण्यात गावांना रस असतो.

शुल्क लावल्याने पर्यटक येणेच थांबेल, ही शंकाही आपल्या पत्रात आहे. पर्यटक गावात येतो तो तिथे काही पाहायला असते म्हणून. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला १९९७ मध्ये सुवर्णगणेश सापडल्यानंतर गावाचा व्यवसाय कसा वाढला आणि २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेल्यावर तो कसा खाली आला, हे त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही व्यावसायिकाला विचारावे. पन्नास रुपयांच्या पावतीने असा उतार येत नाही. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांची मोटार जातच नाही, तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर आहे, आणि तरीही बाजार चालतो. मात्र माथेरानच्या उदाहरणाने हुरळून जाऊ नये. तिथल्या रहिवाशांना गॅसच्या टाकीपासून आजारी माणसापर्यंत सगळ्याची ने-आण किती कष्टाची पडते, हे ज्यांनी पाहिले आहे ते आपल्या गावासाठी तशी बंदी मागणार नाहीत. आपल्याला गाड्या हाकलायच्या नाहीत, त्या योग्य जागी थांबवायच्या आहेत. म्हणून मासळीचे टेम्पो, एसटी, रुग्णवाहिका, रिक्षा, सकाळी नऊच्या आत माल उतरवणाऱ्या गाड्या आणि आठवडा बाजाराचे विक्रेते यांना शुल्कातून वगळावे. अपंग व्यक्तींच्या गाड्यांसाठी बाजारात दोन जागा राखाव्यात. लग्न, जत्रा किंवा मयत असेल त्या दिवशी त्या आळीची मनाई सैल करण्याचा अधिकार सरपंचांकडे असावा.

उत्पन्न थोडे असले तरी ते कुठे खर्च होते याला फार महत्त्व आहे. ग्रामनिधीत मिसळून गेलेले लाखभर रुपये कोणालाच दिसत नाहीत. तेच पैसे त्याच बाजारात स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, रात्रीचे दिवे आणि कचऱ्याची गाडी यांवर खर्च झाले तर दुकानदार स्वतःच्या गिऱ्हाइकाला शुल्काचे कारण समजावून सांगतात. यातही पहिला क्रम शौचालयाला द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. किनाऱ्यावरच्या गावांत पर्यटक महिलांची सर्वांत मोठी अडचण हीच असते, आणि स्वच्छ सोय मिळाली की कुटुंब बाजारात तासभर जास्त रेंगाळते. या खर्चाची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा उल्लेख मूळ ठरावातच असावा.

सुरुवात गर्दीच्या मे महिन्यात करू नये आणि पावसाळ्यातही करू नये. दोन्ही वेळी खरे चित्र दिसत नाही. गाड्यांची पहिली नोंद गेल्या हंगामात झाली नसेल तर ती सप्टेंबरच्या उत्तरार्धात घ्यावी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सहा महिन्यांच्या चाचणीचा ठराव मांडावा आणि हरकतींचे टप्पे पूर्ण करून दिवाळीची गर्दी ओसरली की अंमल सुरू करावा. दुकानदारांकडून गल्ल्याचा आकडा मागू नये. तो कोणी खरा सांगणार नाही आणि मागण्याचा आपल्याला अधिकारही नाही. त्याऐवजी किराणा, औषधे, खाणावळ आणि कोकणमेवा यांतली तयार असतील ती चार-पाच दुकाने निवडून दिवसाला किती बिले झाली एवढीच संख्या चाचणीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांत लिहून ठेवायला सांगावी. आळ्यांत दर रविवारी दुपारी बारा वाजता बाहेरच्या किती गाड्या उभ्या आहेत, हे आळीतल्याच कोणीतरी मोजावे. १ मेच्या ग्रामसभेत बिलांची ही संख्या, आळ्यांतली ही मोजणी आणि वाहनतळाचा जमाखर्च हे तीन कागद फळ्यावर लावावेत. किराणा आणि औषधांच्या दुकानांची बिले घटलेली दिसली तर सर्वप्रथम मोफत वेळ अर्ध्या तासावरून पाऊण तासावर न्यावी. आळ्यांतल्या गाड्या वाढलेल्या दिसल्या तर मनाईची अधिसूचना आणि पोलिसांची रविवारची फेरी याचा पाठपुरावा करावा आणि तो होईपर्यंत बाजारातला तासाचा दर वाढवू नये.